विहीणबाईंचा किल्ला

नागनाथ गुरुजी पलंगाच्या काठावर बसून नव्या बुटांच्या नाड्या बांधायचा सराव करत होते आणि मनकर्णाबाई समोर बसून त्यांची गंमत पाहत होत्या. गुरुजींचा सगळा जन्म चपलेत गेला होता. भीमपूरच्या मराठी शाळेत ते चपलेवर रुजू झाले आणि चपलेवरच निवृत्त झाले. मध्यंतरी एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार झाला, तेव्हा फक्त चप्पल नवी घेतली होती. पण आता गाठ विहीणबाईंशी होती, आणि विहीणबाई किल्लेदार होत्या. म्हणून आदिलाबादला जाऊन हे काळे, चकचकीत आणि भयंकर कडक बूट आणले गेले होते.

त्याचं असं झालं की गुरुजींचा एकुलता एक मुलगा हर्षदीप चेक देशात, प्राग शहरात नोकरीला होता. तिथेच त्याची यित्का नावाच्या मुलीशी ओळख झाली आणि ओळखीचं पुढं जे व्हायचं ते झालं. यित्काची आई व्लास्ताबाई बोहेमियातल्या एका टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याची आणि त्यातल्या राजवाड्याची देखभाल करायची. सरकारनंच नेमलेली, राहायलाही किल्ल्यातच. हर्षदीपनं हे सगळं फोनवर सांगितल्यावर गुरुजींनी क्षणात निकाल दिला, "म्हणजे किल्लेदार." त्या दिवसापासून भीमपुरात हर्षदीपची होणारी सासू किल्लेदार झाली.

शेजारचे डोमाजी तर खास चौकशीला आले. "तोफा हायेत का गुरुजी?"

"असतीन."

"अन् जमीन?"

"सारं सरकारी हाय."

"मंग काय कामाचं," असं म्हणून डोमाजी चहा न घेता उठले.

पण खरी अडचण वेगळीच होती. व्लास्ताबाईंनी या लग्नाला नाही म्हटलं नव्हतं, आणि हो तर मुळीच म्हटलं नव्हतं. नवरा वारलेला, मुलगी एकटीच. "आधी माणसं बघते, मग सांगते," एवढंच त्यांचं उत्तर होतं. आणि आईच्या मनाविरुद्ध उभं राहायचं नाही, हे यित्कानं पक्कं ठरवलेलं. आमच्याकडे मुलाकडची माणसं मुलगी बघायला जातात. इथे मुलाचे आईबाप स्वतःलाच दाखवायला निघाले होते, तेही साता समुद्रापार. गावात याबद्दल थोडं हसूही झालं. मनकर्णाबाईंना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. "पाहू दे ना तिले," त्या म्हणाल्या, "एकटीच्या हातानं वाढोली पोर. मी असती तं मी बी पाह्यलं असतं."

निघायच्या आदल्या दिवशी हर्षदीपचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं घसा खाकरला.

"बाबा, एक सांगायचं होतं. तिथं कोणाले लायनीत उभं करू नका."

"मी काऊन करीन?"

"नागपूरच्या स्टेशनावर केलं होतं."

"गर्दी होती."

"अन् मामाच्या सपनाच्या लग्नात पंगतीले?"

दोष गुरुजींचा नव्हता, सवयीचा होता. शाळेतली मुलं वर्गाबाहेर चपला काढत तेव्हा त्या भिंतीला टाचा लावून, टोकं बाहेर करून, जोडीनं ठेवायच्या हा गुरुजींचा पहिला धडा असे. अक्षरओळख त्यानंतर. मध्ये काही वर्षं तेलुगू मुलांच्या शाळेवर काढली, तेव्हा ती भाषा त्यांना फारशी साधली नाही. पण "चेप्पुलु बयट", म्हणजे चपला बाहेर, हे दोन शब्द असे पक्के झाले, की मराठी न कळणारं कोणीही समोर आलं की तेच आधी तोंडात येत. निवृत्तीनंतर ही सवय विहारात गेली. दर रविवारी वंदना सुरू व्हायच्या आधी गुरुजी बाहेर वाकलेले दिसत, आणि आत जाणाऱ्या माणसाला मागं वळून आपला जोडा सरळ करावा लागे.

"बाबा, तिची आई लई कडक हाय," हर्षदीप म्हणाला. "पहिल्याच भेटीत काई गडबड झाली तं ती नाईच म्हणन. अन् मंग यित्का बी..."

गुरुजींना हे लागलं. आपल्या शिस्तीची आपल्याच लेकाला भीती वाटावी, याचं त्यांना वाईट वाटलं. पण मुलाचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. "मी तोंडच उघडनार नाई," त्यांनी शब्द दिला.

"अन् हात?" मनकर्णाबाईंनी मागून विचारलं.

"हात बी आवरीन."

विमानप्रवास उत्तम झाला. हैदराबादच्या विमानतळावर तपासणीच्या वेळी सगळ्यांना बूट काढून ट्रेमध्ये ठेवायला लावले, तेव्हा तर गुरुजी भारावूनच गेले. एवढ्या मोठ्या संस्थेत अखेर कोणीतरी शहाणं माणूस असल्याचं त्यांनी मनकर्णाबाईंना सांगितलं. प्रागला उतरल्यावर चार दिवस त्यांनी खरोखर शब्द पाळला. ट्राममध्ये लोक कसेही चढत होते, तरी ते खिडकीबाहेर बघत राहिले.

शनिवारी सकाळी हर्षदीपनं गाडी काढली. पाऊस नुकताच पडून गेला होता. दाट झाडीच्या टेकडीवर किल्ला उभा होता, खाली नदी, वर लाल कौलं आणि टोकदार बुरूज. गाडी खालीच ठेवून दगडी चढण चढायची होती. मनकर्णाबाईंनी ठेवणीतली निळी साडी, पायात मोजे आणि मोज्यांवर सँडल असा पोशाख केला होता. हे बरं दिसतं का, अशी त्यांना सकाळपासून शंका होती. पण चढणीवर भेटलेले इथले दोन म्हातारे मोज्यांवर सँडल घालूनच चालले होते, तेव्हा त्यांना धीर आला. हातात डबा होता. त्यात पहाटे उठून लेकाच्या स्वयंपाकघरात केलेले ज्वारीचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती.

दरवाज्याशी यित्का वाट बघत होती. उंच, नाजूक आणि घाबरलेली. तिनं शिकून ठेवल्याप्रमाणे हात जोडून "जय भीम" केलं आणि मनकर्णाबाईंनी तिला तिथंच जवळ घेतलं. आईनं ओव्हनमध्ये बदक लावलं आहे, तोवर तुम्ही दोघं राजवाडा बघून घ्या, असा कार्यक्रम ठरला होता. बरोबर गाईड असतो, तासाभराचा फेरा असतो, तो सांगेल तसं करायचं. हर्षदीप आणि यित्का आईच्या मदतीला जाणार होते.

जाता जाता हर्षदीपनं मागं वळून पाहिलं. "बाबा."

"ध्यानात हाय," गुरुजी म्हणाले.

राजवाड्यात शिरायच्या आधी एक लांबट दगडी ओसरी होती. तिथं जमलेल्यांत बहुतेक जपानी आजी-आजोबांचा एक गट होता आणि दोन-चार इथलीच माणसं. ओसरीत एक मोठं लाकडी खोकं होतं आणि त्यात जाड नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता कशाही कोंबलेल्या होत्या. आतली लाकडी फरशी जुनी आणि नाजूक, म्हणून बुटांवरून या सपाता चढवायच्या आणि मग आत जायचं, अशी तिथली पद्धत. गाईडनं खोक्याकडे बोट करून आपल्या भाषेत ती समजावून सांगितली आणि तो तिकिटं तपासायला वळला. गुरुजींना त्यातलं अक्षरही कळलं नाही. त्यांना दिसलं एवढंच, की घरात घालायच्या सपाता ठेवल्या आहेत आणि पुढचा एक उंच माणूस चिखलाच्या बुटांवरच त्या ओढून चढवतो आहे.

"अवं, हा बुटासकट घालून राह्यला," गुरुजी हळूच म्हणाले.

"घालू दे. तुमी बोलू नका."

"मी कुठं बोलून राह्यलो."

ते बोलले नाहीत. बाकावर बसले, महत्प्रयासानं बांधलेल्या नाड्या महत्प्रयासानं सोडल्या, बूट काढले, भिंतीला टाचा लावून टोकं बाहेर केली आणि मोज्यांवर सपाता चढवल्या. शेजारी मनकर्णाबाईंचे सँडल जोडीनं ठेवले. बस, एवढंच. एवढ्यानं जगबुडी व्हायचं काही कारण नव्हतं.

पण समोरचे एक जपानी आजोबा एक सपात हातात धरून मघापासून घुटमळत होते. बुटासकट आत जायचं त्यांच्याही जिवावर आलं असावं. गुरुजींना पाहताच त्यांचा चेहरा खुलला. ते कमरेत वाकले, गुरुजीही वाकले, आणि आजोबांनी आपले बूट काढून गुरुजींच्या बुटांशेजारी ठेवले. मग त्यांच्या पत्नीनं, मग तिच्या मैत्रिणीनं. बघता बघता सगळा गट खाली वाकला.

"ह्ये बुद्धाचेच लोक दिसतेत," मनकर्णाबाई कौतुकानं म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यांना एकदम जय भीम घातला. सगळ्या गटानं वाकून तो स्वीकारला.

एका आजीचा बूट जरा तिरका पडला होता. गुरुजींनी तो सरळ केला. तोंड उघडायचं नाही असा शब्द होता, आणि हाताबद्दलचा शब्द त्यांना त्या क्षणी आठवला नाही. तो उंच माणूस मात्र बुटांवर सपाता चढवलेल्या अवस्थेत गोंधळून उभा होता. सगळे काढतायत, मग आपलं चुकलं की काय, असा त्याचा चेहरा. गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं. शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघत तसं. आणि तोंडातून निघूनच गेलं, "चेप्पुलु बयट."

त्या माणसाला तेलुगू येत असण्याची शक्यता कमीच होती, पण हुकूम त्याला बरोबर कळला. त्यानं मुकाट्यानं बूट काढले. मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आला आणि त्याची बायको दुसरीकडे बघू लागली.

गाईडला यातलं काहीच दिसलं नाही. त्यानं दार उघडलं, सगळ्यांना आत घेतलं आणि दार मागून लावून घेतलं.

राजवाडा मोठा सुंदर होता. पण त्या सपाता बुटांवरून बसाव्यात अशा मापाच्या, म्हणजे नुसत्या पायांना ढगळ. पॉलिश केलेल्या फरशीवर त्या अशा काही सरकत की चालणं राहिलं बाजूला, सगळा गट घसरतच पुढं निघाला. आरसेमहालात मनकर्णाबाई एका आजींचा हात धरून या टोकाहून त्या टोकापर्यंत थेट गेल्या, आणि दोघी एका भल्यामोठ्या चिनी मातीच्या शेगडीपाशी थांबल्यावर तोंडावर पदर आणि रुमाल घेऊन हसत बसल्या. जेवणाच्या दालनात लांबच लांब टेबल मांडलेलं होतं. सगळे झुंबर बघत होते आणि मनकर्णाबाई ताटं बघत होत्या. "खाल्लं राजानं, पण घासलं कोणं असन?" त्यांनी विचारलं.

गुरुजी फरशी बघत होते. लाकडाचे लहान लहान तुकडे जोडून केलेली ती नक्षी, तिला आलेली मधासारखी चमक. आणि दाराशी दाराशी टाचांनी पडलेले खड्डे, चरे, ओरखडे. कोणीतरी ते बुजवून, घासून, परत पॉलिश करत होतं आणि कोणीतरी रोज ते पुन्हा उमटवत होतं. अशी लढाई गुरुजींच्या ओळखीची होती. जो कोणी ही फरशी राखतो आहे, त्याच्याबद्दल त्यांच्या मनात माया दाटून आली.

फेरा संपला तो भलतीकडेच. एका बुरुजातल्या गोल जिन्यानं गाईडनं सगळ्यांना खालच्या चौकात आणलं, हात पसरून खोकं दाखवलं आणि सपाता टाकायची खूण केली. गुरुजींनी आपल्या सपाता जोडीनं ठेवल्या, मग इतरांच्याही जोड्या लावल्या. सगळ्यांनी एकमेकांना नमस्कार केले. आणि मग सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं, की आपण पावसानं ओल्या झालेल्या दगडांवर नुसत्या मोज्यांनी उभे आहोत, आणि बूट किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला आहेत.

"अवो," मनकर्णाबाई म्हणाल्या, "आपल्या गावात तं ज्या दारानं आत जाते त्याच दारानं बाहेर येते."

"हाव," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आयुष्यातली प्रत्येक शाळा आणि प्रत्येक विहार एकाच दाराचा होता. जोडे काढणाऱ्याला जोड्यांपाशीच परत यावं लागतं, हे त्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की त्याचा विचारच कधी केला नव्हता.

गाईडनं पहिल्यांदाच खाली पाहिलं. त्यानं एकेक पाय बघत बघत शेवटपर्यंत नजर नेली, त्या अंगठ्यापाशी थांबला आणि खाली बसला. आत परत जावं तर फेरा एका दिशेचा, मागची दारं लावलेली. बाहेरून वळसा घालून ओसरीकडे जावं तर आता दुपारची जेवणाची सुट्टी, ओसरीचं फाटक बंद, आणि किल्ली विहीणबाईंकडे. तेवढ्यात जिन्यावरून पायांचा आवाज आला. दुसरा गट खाली येत होता. या गटानं ओसरीतली ती देखणी रांग पाहिली होती आणि इथं असंच करायचं असतं असं समजून आपलेही बूट तिच्यात लावले होते. ओल्या दगडांवर आता दुप्पट मोजे उभे राहिले.

गाईड वायरलेसवर कोणाशी तरी बोलत होता. तो काय बोलत होता ते कळायला भाषेची गरज नव्हती.

किल्लेदार आल्या त्या तशाच स्वयंपाकघरातून उठून. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, अंगावर पिठाचा एप्रन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मागून यित्का आणि हर्षदीप धावत. हर्षदीपनं चौकातली ती गर्दी पाहिली, तिचे पाय पाहिले, आणि त्याला पुढं काही विचारावं लागलं नाही.

"बाबा," तो म्हणाला.

"मी काई बोललो नाई," गुरुजी म्हणाले. मग खोटं बोलवेना, म्हणून पुढं म्हणाले, "दोनच शब्द बोललो."

व्याही-विहिणींची पहिली भेट अशी झाली. एकाच्या पायात ओले मोजे आणि दुसरीच्या हातात कढईचं फडकं. व्लास्ताबाईंनी गुरुजींकडे नीट बघितलंही नाही. चला, अशी मानेनं खूण करून त्या पुढं निघाल्या आणि मागून सगळा लवाजमा तटाच्या कडेनं वर चढू लागला. जपानी आजी मनकर्णाबाईंच्या हातात हात घालून चालत होत्या. हर्षदीप गुरुजींच्या शेजारून चालला होता, पण त्यांच्याकडे बघत नव्हता. ते न बघणं गुरुजींना त्या ओल्या दगडांपेक्षा जास्त बोचत होतं. आपल्यापायी पोराचं लग्न मोडलं, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात फिरत होता.

फाटक उघडलं. ओसरीत दोन्ही भिंतींना लागून बुटांच्या रांगा उभ्या होत्या, टाचा भिंतीला, टोकं बाहेर, एका सुतात. व्लास्ताबाई उंबऱ्यातच थांबल्या आणि मागचे सगळे त्यांच्यामागं थांबले. त्यांची नजर रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग त्यांनी काहीतरी विचारलं. ते यित्कानं इंग्रजीत हर्षदीपला सांगितलं आणि हर्षदीपनं खाली मान घालून मराठीत गुरुजींना.

"हे कोणं केलं, असं विचारते."

"मी," गुरुजी म्हणाले आणि नकळत हाताची घडी घालून उभे राहिले.

व्लास्ताबाईंनी उत्तर ऐकलं. दुसरं दार उघडून त्या आतल्या दालनात गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि गाल जवळजवळ जमिनीला लावून तिरप्या उजेडात फरशी न्याहाळू लागल्या. उठल्या, दुसऱ्या दाराशी गेल्या, पुन्हा वाकल्या. त्यांच्या तोंडून एक लांबलचक वाक्य निघालं. पण यित्का ते सांगणार तोच वरून करपल्याचा वास आला, व्लास्ताबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या बदकाकडे पळाल्या.

लोकांनी आपापले बूट घातले. एवढ्या जोड्यांत एकाचाही बूट दुसऱ्याच्या पायात गेला नाही. पण हे सांगून आता काही उपयोग नव्हता. जाताना ते जपानी आजोबा पुन्हा कमरेत वाकले. गुरुजीही वाकले, पण त्यांचं मन त्यात नव्हतं.

"काय म्हणली ती?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"यित्काले बी पुरतं ऐकू नाई आलं," हर्षदीप म्हणाला. "चला वर. जे असन ते असन."

व्लास्ताबाईंचं घर बुरुजाशेजारी होतं. दार उघडंच होतं. दाराशी गुरुजींचे पाय थबकले, कारण आतल्या बाजूला एक लाकडी फळी होती आणि तिच्यावर घरच्यांचे बूट लावून ठेवलेले होते. टाचा भिंतीला, टोकं बाहेर. खाली पाहुण्यांसाठी लहानमोठ्या सपातांची एक रांग मांडली होती. गुरुजींनी बूट काढले, फळीवर मोकळी जागा पाहून ठेवले आणि बोटानं किंचित मागं सारले. मान वर केली तर समोर हातात काळं ठिक्कर बदक घेऊन व्लास्ताबाई उभ्या होत्या, आणि त्या गुरुजींच्या बोटाकडे बघत होत्या.

इतक्यात हर्षदीप आला. त्याच्या डोक्यात एकच विचार होता, की आता काहीतरी बोलून सावरून घ्यावं. त्या नादात तो उंबरा ओलांडून, ओल्या बुटांनी, सरळ आतल्या गालिच्यावर गेला.

दोन हात एकदम वर झाले. एक गुरुजींचा आणि एक व्लास्ताबाईंचा. दोघांची बोटं हर्षदीपच्या पायांवर रोखलेली, दोघांच्या कपाळाला सारखीच आठी. हर्षदीप जागच्या जागी गोठला आणि मग मागं मागं सरकत उंबऱ्याबाहेर गेला. गुरुजी आणि व्लास्ताबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. मग व्लास्ताबाई हसल्या. हसताना त्या यित्कासारख्याच दिसतात, हे गुरुजींना तेव्हा दिसलं.

यित्का तर भिंतीला टेकून डोळे पुसत होती. तिनं काय सांगितलं ते हर्षदीपनं उंबऱ्याबाहेरूनच मराठीत आणलं. "ती म्हणते, तिनं बी काल आईपासून शब्द घेतला होता. पाहुण्यांले नियम सांगायचे नाईत. बूट घालून घरात आले तरी हसून या म्हणायचं. आई रात्रभर झोपली नाई म्हणे."

"अन् मघाशी खाली ते काय म्हणली?" मनकर्णाबाईंनी धरून ठेवलं होतं.

यित्कानं आईला विचारलं. उत्तर येऊन पोचायला थोडा वेळ लागला. "इतकी वर्षं शनिवारच्या फरशीवर नवा ओरखडा नाई असं झालं नव्हतं. आज पहिल्यांदा झालं. असं म्हणली."

बदक कोणालाच खाण्याजोगं नव्हतं. मनकर्णाबाईंनी डबा उघडला आणि किल्लेदारांच्या टेबलावर ज्वारीचे धपाटे मांडले गेले. व्लास्ताबाईंनी चटणी जपून घेतली, पाणी प्यायल्या आणि परत घेतली. जेवण अर्ध्यावर आल्यावर त्यांनी काटा खाली ठेवला आणि आजवर ज्या विषयाचं नावही काढलं नव्हतं तो काढला. लग्न कुठं करणार, असं त्यांनी विचारलं.

गुरुजींचा घास हातातच राहिला. "भीमपूरले. आमच्या विहारात."

"माणसं किती?"

"सारं गाव येईन. भैंशाकडचे सोयरे येतीन, इंद्रवेल्लीचे येतीन. घर म्हणाल तं एक बी सुटत नाई."

हे मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून चेकमध्ये गेलं तेव्हा व्लास्ताबाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला आणि यित्का हसत हसत हर्षदीपला इंग्रजीत म्हणाली, "आई विचारते, आणि त्यांचे बूट?"

"बाहेर," गुरुजी म्हणाले.

"तिथं कोण असतं?"

"मीच असतो. नेहमी मीच असतो." गुरुजी बोलता बोलता थांबले. लेकाच्या लग्नात आपल्याला आत बसावं लागेल, हे त्यांच्या आत्तापर्यंत ध्यानातच आलं नव्हतं. बाहेर तेवढ्या चपला आणि त्यांच्यापाशी कोणीच नाही, हे चित्र डोळ्यांपुढं येऊन त्यांना कसंतरी झालं.

व्लास्ताबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग सुरीनं धपाट्याचा तुकडा नीट चौकोनी कापला आणि एक लहानसं वाक्य म्हणाल्या. यित्कानं ते इंग्रजीत सांगितलंच नाही. ती उठली आणि तिनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"काय झालं? काय म्हणली?" मनकर्णाबाई घाबरल्या.

हर्षदीपला तेवढं चेक कळत होतं. "म्हणते, मी येईन. बुटांपाशी मी थांबीन."

"वा," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदरानं आधी डोळे टिपले. "नवरीची माय बाहेर चपलापाशी बसन काय? काई नाई. दोघं बी आत बसा. डोमाजी पाहीन चपला."

"डोमाजी?" गुरुजी म्हणाले. "त्याले डावा-उजवा समजत नाई."

डोमाजी कोण, हे व्लास्ताबाईंना समजावून सांगण्यात आलं. त्यांनीही ठामपणे मान हलवली. डोमाजींचं नाव तिथंच निकालात निघालं. मग गुरुजींनी टेबलावर चमचे मांडून विहाराचा नकाशा काढला. हा दरवाजा, ही भिंत, या बाजूला ऊन येतं, इकडून लहान पोरं घुसतात. व्लास्ताबाईंनी चष्मा चढवला आणि एक चमचा उचलून दुसरीकडे ठेवला. गुरुजींनी विचार करून तो तसाच राहू दिला. दोघांची डोकी टेबलावर वाकली होती, आणि मध्ये भाषा सांगायला कोणी लागत नव्हतं.

"बाबा, तारीख तं ठरू द्या," हर्षदीप म्हणाला. कोणी ऐकलं नाही.

"ठरन," मनकर्णाबाई यित्काच्या ताटात आणखी एक धपाटा वाढत म्हणाल्या. "त्याहिचं चालू दे. तू जेव बाई."

हर्षदीप थोडा वेळ त्या दोघांकडे बघत बसला. मग पाणी आणायचं निमित्त करून उठला आणि दाराशी गेला. गडबडीत काढलेले त्याचे बूट फळीपाशी एक इकडे, एक तिकडे पडले होते. त्यानं मागं वळून पाहिलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. तो खाली वाकला, बुटांची जोडी केली आणि वडिलांच्या बुटांशेजारी, भिंतीला टाचा लावून ठेवली.